मडक्यातला एक चिंचोका

मास्तरीणबाईला म्हटलं, बाई, मी बोलते तसंच्या तसं उतरवा, शुद्ध करू नका. त्या म्हणाल्या, "गयाबाई, गेलेल्या माणसाला कागद पोचतो का?" म्हटलं, न पोचू द्या. पण तोंडचं बोलणं ह्या माणसानं जन्मभर नाकारलं. "मी असं म्हटलोच न्हाई," हे तुमचं ठरलेलं. मंग आता कागदावर घ्या. आता म्हणा न्हाई.

परवा तुमचा दहावा झाला. नदीवर मी जे केलं त्याची टेंभुर्णीभर चर्चा हाय. पाणवठ्यावर गेले की बाया गप होऊ राह्यल्या. कुणी म्हणतं गया येडी झाली, कुणी म्हणतं नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. आणली. एकेक मोजून आणली. तुमची तिरडी दारातून उठली तवाच ठरवलं व्हतं, ह्या माणसाला सुखानं जाऊ द्यायचं न्हाई. लोक रडत व्हते अन् मी दात खाऊन बसल्ते. सूड घ्यायचा तो घेतलाच, पण शेवटी एक गोष्ट अशी झाली की तिचं काय करावं मला समजंना. ती सांगायला हा कागद.

बावीस वर्षं तुम्हाला अवो-जावो केलं. रागानं जीव फुटायचा तरी जीभ कधी 'अरे'वर वळली न्हाई. आता तुम्ही मेले, तरी वळंना. पाहा कशी सवय लावली.

भेटायला येणारा जो तो म्हणतो, लय भला माणूस, कधी कुणाला न्हाई म्हटला न्हाई. बराबर हाय. जगाला हो म्हणायचे अन् मला न्हाई म्हणायचे. दोघांच्या संसारात हो सगळे बाहेर वाटले, घरात मंग उरायचं काय?

मी लोकर कातायची, तुम्ही मागावर बसून घोंगडी विणायची. चांगलं चाललंय असंच मला वाटायचं. कर्ज हाय हे मला कळलं ते आठव्या साली, अन् तेबी तुमच्या तोंडून न्हाई. तुम्ही आजारी म्हणून मी घोंगड्या घेऊन नाक्यापलीकडं इंग्रजीतल्या बाजाराला गेल्ते. तिथं एका पेढीवरला मुनीम उठून आला. "तुम्ही टेंभुर्णीच्या त्या घोंगडीवाल्याच्या घरच्या ना? सांगा त्याला, औंदा तरी कलदार घेऊन ये म्हणावं. हालीत फेडायला बसला तर नातवाला पुरंल." मला वाटलं हा माणूस चुकला. मंग त्यानं तुमचं नाव घेतलं, तुमच्या बापाचं घेतलं, अन् धाकल्या भाऊजीच्या लग्नाची गोष्ट काढली. मी घोंगड्या तशाच बांधल्या अन् घर गाठलं.

आपण मोगलाईतले. निजामाचा रुपया तो हाली. नाक्यापलीकडं इंग्रजाचा, तो कलदार. कलदार भारी. शंभर कलदार फेडायचे तर हाली शंभराच्या वर मोजावे लागतात, हे हद्दीवरच्या शेंबड्या पोरालाबी ठाव हाय. तुम्ही भावाच्या लग्नाला पलीकडून कलदार उचलले अन् दर दिवाळीला तितकेच हाली नेऊन दिले. "रुपया तो रुपया," म्हणे! जो फरक राह्यला तो व्याजाला चिकटला, अन् तुम्ही घरी येऊन मिशीला पीळ द्यायचे, औंदाचं भागलं म्हणून. तुम्हाला बिलकुल कळत नव्हतं, का कळत असून मान फिरवली? हे मी शंभरदा विचारलं. तुम्ही शंभरदा पागोटं घालून बाहेर गेले.

त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा बोलले, तर तुम्ही भाकरीवरून उठले. "बायकांनी ह्यात पडायचं न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अवो, मूठ दोघांची हाय," मी म्हटलं. "निदान आत काय हाय ते तरी दाखवा."

दाखवतंय कोण! गोडीनं सांगून पाह्यलं, रडून पाह्यलं. दोन दिवस चूल पेटवली न्हाई, तर तुम्ही बहिणीकडं जाऊन जेवून आले, अन् येताना तिच्या नवऱ्याच्या बैलासाठी जामीन राहून आले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी कपाळाला हात लावला तर म्हणता कसे, "अगं, जामीनच हाय, कर्ज कुठं हाय." त्यो बैल पोळ्याच्या आधी मेला, अन् दाजींनी कानावर हात ठेवले. कर्ज मंग दारात येऊन बसलं.

मला अक्षर येत न्हाई. पण मोजता येतं. घरात चिंचोक्याला तोटा नव्हता, शिजवून घोंगडीच्या सुताला चोपडायच्या खळीला लागायचेच. मी एक मडकं घेतलं अन् ज्याचं देणं लागतो त्याच्या नावाचा एकेक चिंचोका त्यात टाकला. जेवढं कळलं तेवढं. कलदारवाल्याचा सगळ्यात मोठा. मडकं भिंतीतल्या देवळीत ठेवलं, तुमच्या डोळ्यांसमोर, येता-जाता दिसंल असं. म्हटलं, तोंडानं न्हाई तर न्हाई, ह्याच्याकडं बघून तरी हा माणूस एक दिवस बसंल माझ्यापाशी.

पंचमीला चार दिवस माहेरी गेल्ते. परत आले तर अंगणातच खळीचा वास. उभ्या सुताचा ताणा ताणलेला, तुम्ही कुंचा घेऊन खळ फिरवू राह्यले, शीळ घालत. घरात शिरले तर मडकं पालथं.

"मडक्यातले चिंचोके कुठं हायेत?"

"शिजवले. खळीला कमी पडत व्हते."

"अवो, ते हिशोबाचे व्हते!"

"मला काय ठाव? चिंचोक्यावर नाव लिव्हलेलं असतं का?" अन् हसले तुम्ही. मला ते हसू अजून दिसतं. भाजून, भिजवून, कुटून, शिजवून आपलं सगळं देणं तुम्ही ताण्याला चोपडलं. ती घोंगडी मी विकू दिली न्हाई. तिच्यावरच तुम्ही झोपले दहा वर्षं, अन् तिच्यावरच गेले. आता तिच्यावर बसून मी सांगू राह्यले. अजून कडक हाय, टोचते.

जाणून शिजवले का चुकून? हे भांडण आपलं राह्यलंच.

पण मीबी गया हाय. तीन दिवस वाट पाह्यली. मंग तुम्ही मागावर बसले तवा आले. मागाचा खड्डा, त्यात पाय सोडलेले, मांडीवर घोंगडी, उद्या बाजार. उठता येणार न्हाई असा बराबर टायम धरला. खड्ड्याच्या कडेला बसले, नवं मडकं मधे ठेवलं, अन् तुम्ही आडव्या सुताचा धोटा फेकला तो हातात धरून ठेवला.

"धोटा दे."

"एक नाव सांगा, एक धोटा घ्या."

"गया, उद्या बाजार हाय, जल्दी दे."

"मलाबी जल्दीच हाय. चार सालं झाली जल्दी हाय."

शिव्या दिल्या तुम्ही. मी ऐकून घेतल्या. मंग एक नाव आलं, कापडवाल्याचं. मी चिंचोका टाकला अन् धोटा दिला. फेकला की परत धरला. किराणा, तेलीण, सुतार. सोनार मला ठावच व्हता, माझे मनगटातले चांदीचे गोठ त्याच्याकडं गहाण, पण तुमच्या तोंडून ऐकायचं व्हतं. मंग दाजींचा बैल. सातवं नाव सगळ्यात शेवटी आलं. कलदारवाला. भाऊजीच्या लग्नाला घेतले, म्हणाले, पण त्याला सांगू नको, त्याला वाटतं बापानं ठेवलेले व्हते.

त्या दिवशी सात धोट्याचंच विणकाम झालं. बाजार बुडाला. तुम्ही धोट्याकडं बघत म्हणाले, "मला भ्या वाटतं गया. मोजलं की खरं होतं."

खोटं कशाला बोलू, त्या वक्ताला माझा सगळा राग गेला. तुमचे पाय खड्ड्यात, माझे वर, अन् मधे ते मडकं. बावीस सालात तेवढा एक दिवस आपण खरे नवरा-बायको व्हतो. त्याच्यासाठी तुमचे उपकार मानते. तेवढ्याचसाठी.

नंतरचं बरं चाललं. मी पलीकडं जाऊन घोंगडी विकायची अन् कलदार वेगळ्या चिंधीत बांधायचे, हालीत मिसळू द्यायचे न्हाई. किराण्याचा चिंचोका निघाला, तेलिणीचा निघाला, सुताराचा निघाला. निघालेला चिंचोका तुम्ही अंगणात भिरकवायचे. म्हणायचे, "एखादी चिंच उगवली तर सावलीला बसू." अन् तीन सालाखाली एका दुपारी तुम्ही माझे गोठ घेऊन आले. बापानं लग्नात घातलेले, आठ साल सोनाराच्या पेटीत पडलेले. "घे. फिटलं," म्हणाले. मी सोनाराचा चिंचोका काढून भिरकावला अन् गोठ घालून सगळ्या आळीत फिरून आले. भांडी घासतानाबी काढले न्हाईत.

त्याच्या चवथ्या दिवशी तुम्ही मडक्यापाशी गेले अन् तुमच्या हातानं एक चिंचोका टाकला. मी चुलीपाशी व्हते. आवाज ऐकला.

"ह्यो कुणाचा?"

"हाय एक."

"अवो कुणाचा?"

तोंडात मिठाची गुळणी. जी धरली ती धरलीच. दोन सालं मी त्या एका चिंचोक्यावरून तुम्हाला खाल्लं. पत्ते खेळले का? कुणी बाई ठेवली का? जत्रेतल्या तमाशावाल्यांवर उधळले का? वाटंल ते बोलले. तुम्ही मान खाली घालून धोटा फेकायचे. मला वाटायचं, पाहा, पुन्हा सुरू झालं ह्या माणसाचं. मागाच्या खड्ड्यात मिळाला तो नवरा पुन्हा हरवला. मंग मी बोलायचंच सोडलं. शेवटचं साल आपण एका घरात दोन परक्यांसारखं काढलं, एका चिंचोक्यापायी.

अन् मंग ताप. पाचव्या दिवशी तुम्हाला उमजलं की हे काही उतरायचं न्हाई. माझा हात धरला. मला वाटलं आता सांगतील. तुम्ही म्हणाले, "मडकं कुणाला दाखवू नको." बस. कसं राहशील न्हाई, काय खाशील न्हाई. मडकं दाखवू नको! त्या वक्ताला मी तुमच्या कपाळावर पाणी ठेवू राह्यल्ते, न्हाईतर मडकंच फोडलं असतं डोक्यात.

दहाव्याच्या सकाळी धाकले भाऊजी आले. आपल्याला मूल न्हाई, म्हणून पिंडाला तेच बसणार व्हते. म्हणाले, "वैनी, दादाच्या नावाला शोभंल असं गावजेवण करू. सावकाराला बोललो हाय, घरावर देतो म्हणला. तुम्ही फक्त अंगठा द्या." म्हणजे मेल्यावरबी तुमचं सुरूच! घर तेवढं उरलं व्हतं, माग मांडायला अन् पाठ टेकायला. ते तुमच्या नावाच्या बुंदीत जाणार. आत गेले अन् मडक्यातले चार चिंचोके ओट्यात बांधले.

नदीवर भाऊजींनी पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर. चांगले पाच-सहा. एक खाली येईना. भाऊजी हात जोडून म्हणाले, "दादा, गावजेवण घालतो." कावळा हलंना. "वैनीला अंतर देणार न्हाई." हलंना. दाजी पुढं झाले, "आम्ही हाओत घराकडं बघायला, तुम्ही सुखानं जा." एका कावळ्यानं पंख झाडले अन् पुन्हा बसला. ऊन चढलं. लोक दर्भाचा कावळा करून शिववायचं बोलू लागले.

मला ठाव व्हतं तुम्हाला काय पायजे. 'मडकं कुणाला दाखवणार न्हाई', एवढं म्हटलं असतं की कावळा झडप घालून आला असता. सगळ्या गर्दीत ते एकट्या मलाच ठाव. आयुष्यात पहिल्यांदा तुमची दोरी माझ्या हातात व्हती. मी मनात म्हटलं, राहा उपाशी. अन् ओटा सोडला.

पहिला चिंचोका पिंडापाशी वाळूत ठेवला. मोठ्यानं म्हटलं, "ह्यो पलीकडल्या कलदारवाल्याचा. धाकल्या भाऊजीच्या लग्नाला घेतलेला. बापानं काही ठेवलं नव्हतं. लग्नात बँड वाजला तो ह्याचा." भाऊजींच्या हातातली पळी थांबली. दुसरा ठेवला. "ह्यो दाजींच्या बैलाचा. बैल मेला, दाजी जिते हायेत, पण देणं आम्ही भरू राह्यलो." माणसांत कुजबुज सुरू झाली. कुणी तरी म्हणालं, "गयाबाई, ही जागा हाय का?" म्हटलं, "मला दुसरी जागा दिली कधी? घरात बोलू दिलं न्हाई, आता हितंच बोलणार." तिसरा ठेवला. "ह्यो कापडवाल्याचा. माझ्या भावाच्या लग्नातल्या आहेराचा. ह्यो मी हट्टानं घ्यायला लावला. ह्यात माझं पाप हाय." होय, माझंबी सांगितलं. सांगायचं तर सगळंच.

चवथा हातात धरला. "अन् ह्यो त्यांनी आपल्या हातानं टाकला. कुणाचा ते मला सांगितलं न्हाई. दोन सालं विचारलं. कोण्या रांडेचा का कोण्या जुगाऱ्याचा, मला ठाव न्हाई. असंल हितं कुणी, तर पुढं या."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. मंग मागून काठी टेकत बिरूतात्या आले. आपल्याला लोकर देणारे, सत्तरीचे मेंढके. "सूनबाई," ते म्हणाले, "त्यो माझा हाय. मेंढरं विकली तवा माझ्याकडून पैसे नेल्ते. म्हणला, तात्या, गयाच्या हातात आठ साल काही न्हाई, ती लोकर कातते तवा मोकळं मनगट बघवत न्हाई. गोठ सोडवायला नेल्ते. मला म्हणला, तिला सांगू नका, ती घालणार न्हाई."

माझ्या हातात ते गोठ व्हतेच. थोड्या वेळानं बाया चुडा फोडायला अन् ते उतरवायला बसणार व्हत्या.

तिथं काय झालं ते मला नीट सांगता येत न्हाई. रडू आलं असतं तर बरं. पण आला तो राग, असा की डोळ्यांपुढं लाल झालं. एक कर्ज फेडायला दुसरं कर्ज! अन् तेबी माझ्यासाठी, मला न विचारता! अन् मी आळीभर मिरवले! दोन सालं माझ्या तोंडच्या घाण शिव्या ऐकल्या, बाई ठेवली ऐकलं, अन् मनगटाकडं बघत गप बसले! मी पिंडाकडं बघून ओरडले, सगळ्या भावकीसमोर, पहिल्यांदा अन् शेवटचं:

"अरे येड्या, मला विचारायचं व्हतंस ना रे! मी म्हटलं असतं, राहू दे, नको मला गोठ! माझ्यापाशी बस, एवढंच पायजे व्हतं रे मला, मेल्या!"

अन् कावळा आला. माझा आवाज विरायच्या आत बाभळीवरून सुटला, अन् पिंडावर बसून खाऊ लागला. लोक पाहातच राह्यले. चांगली दोन-तीनदा चोच मारून गेला.

म्हणजे मडक्याचं न्हाई, गावजेवणाचं न्हाई. शिव्याच पायजे व्हत्या का तुम्हाला? का मी एकदा 'अरे' म्हणावं म्हणून बसले व्हते वर?

मी गोठ माझ्या हातानं उतरवले अन् बिरूतात्यांच्या पुढं धरले. ते न्हाई न्हाई म्हणू लागले. म्हटलं, "तात्या, तुम्हीबी झाकून ठेवणार का? घ्या. फिटलं." घेतले. उधारीवर आणलेली माया मला नको. चवथा चिंचोका मी नदीत भिरकावला. दाजी तोवर कधी निघून गेले कुणाला कळलं न्हाई. पण भाऊजींनी पूजा आटोपल्यावर वाळूतला मोठा चिंचोका उचलला, धोतराच्या सोग्यात बांधला, अन् माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, अंगठा नको. जेवण न्हाई घालत." तेरवीला पाच माणसांना पिठलं-भाकरी करणार हाय. तुमच्या नावाला शोभो, न शोभो.

वाळूतून उचलून आणलेले दोनच आता मडक्यात उरले. बैलाचा अन् कापडवाल्याचा. माग मला चालवता येतो, बघून बघून शिकलेय. फेडीन. त्यासाठी तुमची गरज न्हाई.

पण माफ केलं असं समजू नका. एक साल तुम्ही माझं फुकट घालवलं, न बोलण्यात, अन् ते देणं कुणाच्या चिंचोक्यानं फिटायचं न्हाई. ते तुमच्याकडं राह्यलं. तिथं वर एखादा माग असंल तर त्याच्यावर बसा. मी येते, जवा यायचं तवा. येताना मडकं घेऊन येते. तुझे पाय खड्ड्यात सोडून ठेव. मी कडेला बसल्यावर उठून जायचं न्हाई.